गेम जॅममध्ये गेम पुरा करायचा असेल तर कामाचा क्रम बदला

गेम जॅम म्हणजे दिलेल्या विषयावर ठरावीक तासांत छोटा गेम बनवायची स्पर्धा. कोडिंग येत नाही म्हणून अर्धवट राहिलेले गेम अशा जॅममध्ये फार थोडे असतात. बहुतेक राहतात ते क्रम चुकल्यामुळे. शुक्रवारी रात्री हिरोचं चित्र रंगवायला घेतात, शनिवारी पाच लेव्हल आखतात आणि रविवारी मुदतीला तासभर उरला असताना एक्स्पोर्टचं, म्हणजे इतरांना खेळता येईल अशा रूपात गेम बाहेर काढायचं, बटण पहिल्यांदा दाबतात. ते बटण नेमकं तेव्हाच एरर दाखवतं.

खाली दिलेला क्रम शुक्रवारी संध्याकाळी ६ ते रविवारी संध्याकाळी ६ अशा, सोलापुरात एका हॉलमध्ये बसून करायच्या ४८ तासांच्या जॅमसाठी आहे. तुमच्या कॉलेजचा जॅम २४ तासांचा असेल तर वेळा निम्म्या करा, क्रम हाच ठेवा. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, गोडो ४ धरलंय, कारण ते फुकट आहे, हलकं आहे आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही उघडतं. युनिटी किंवा कन्स्ट्रक्टवर हात बसला असेल तर तेच वापरा. जॅमच्या दोन दिवसांत नवं इंजिन शिकायला घेऊ नका.

## टप्पा १. आदल्या आठवड्यात: लॅपटॉप आणि पिशवी

हॉलमध्ये वायफाय असेल, पण साठ-सत्तर लॅपटॉप एकदम जोडले की ते असून नसल्यासारखं होतं. कॉलेजच्या नेटवर्कवर काही साइट बंदही असतात. म्हणून लागणारं सगळं घरूनच डाउनलोड करून आणा.

गोडो उतरवलं की काम झालं असं वाटतं, आणि पहिली चूक इथेच होते. वेबसाठी गेम बाहेर काढायला ‘एक्स्पोर्ट टेम्प्लेट’ वेगळे उतरवावे लागतात आणि ती फाइल मूळ इंजिनपेक्षा कितीतरी मोठी असते. रविवारी हॉलच्या वायफायवर ती उतरत नाही. टीममधल्या सगळ्यांकडे गोडोची तंतोतंत एकच आवृत्ती हवी. एकाकडे ४.२ आणि दुसऱ्याकडे ४.३ असेल तर नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात धड उघडेलच असं नाही.

याशिवाय हे सोबत ठेवा: केनीच्या संग्रहातली सीसी-झिरो चित्रं (ती कुणालाही, कशालाही वापरता येतात), छोटे आवाज तयार करणारं एसएफएक्सआर किंवा बीएफएक्सआर, आवाज कापायला ऑडॅसिटी, चित्रांसाठी क्रिता किंवा लिब्रेस्प्राइट आणि एक देवनागरी फॉन्ट. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, दोन्ही मोफत आहेत. फॉन्ट का लागतो ते टप्पा ७ मध्ये येईल.

पिशवीत एक्स्टेंशन बोर्ड, माउस, हेडफोन, दोन पेनड्राइव्ह, कोरे कागद आणि जाड स्केचपेन टाका. चार्जरवर नाव लिहा, काळ्या चार्जरांची अदलाबदल हमखास होते. जानेवारीतला जॅम असेल तर पहाटे हॉलमध्ये गारठा असतो. सोलापूरकरांना ‘चादर आणा’ हे सांगावं लागू नये, पण लागतं.

कॉलेजच्या लॅबमधला पीसी वापरणार असाल तर: कित्येक लॅबमधले पीसी रीस्टार्ट केले की त्यावर ठेवलेलं सगळं पुसलं जातं. आधी एक रिकामी फाइल सेव्ह करा, पीसी रीस्टार्ट करा, फाइल जागेवर आहे का बघा. नसेल तर सगळं काम पेनड्राइव्हवर.

घरून निघण्यापूर्वीची तपासणी: इंटरनेट बंद करा. नवा प्रोजेक्ट उघडा, पडद्यावर एक चौकोन डावी-उजवीकडे हलवा आणि वेबसाठी एक्स्पोर्ट करा. मग इंटरनेट चालू करून ती झिप इच डॉट आयओवर (गेम ठेवायच्या साइटवर) चढवा आणि स्वतःच्या फोनवर उघडा. हे एकदा जमलं तर जॅममधली निम्मी धाकधूक गेली.

जॅमचे नियमही याच आठवड्यात वाचा. आधी तयार केलेली चित्रं चालतात का, एआयने केलेलं चालतं का, गेम वेबवर द्यायचा की फाइल. प्रत्येक जॅमचे नियम वेगळे असतात आणि हॉलमध्ये विचारायला गेलात की तीन जण तीन उत्तरं देतात.

## टप्पा २. टीम: तीन किंवा चार, पाच नकोत

पाच कोडर आणि चित्र काढणारं कुणीच नाही, अशी टीम सोलापुरात सर्रास दिसते, कारण सगळे एकाच वर्गातले मित्र असतात. त्यापेक्षा दोन कोडर, एक चित्रवाला आणि आवाज, मजकूर, चाचणी सांभाळणारी एक व्यक्ती घ्या. चौथ्या व्यक्तीला कोड अजिबात येत नसला तरी चालेल. बहुधा तीच सगळ्यात उपयोगी पडते, कारण ‘हे कळत नाहीये’ असं बोलायला ती लाजत नाही.

दोन गोष्टी पहिल्याच तासात ठरवा. ‘बिल्ड’, म्हणजे एक्स्पोर्ट केलेला गेम, कुणाच्या लॅपटॉपवरून निघणार? एकाच्याच. आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा? तोही एकाचाच. वयाने मोठा किंवा सर्वांत हुशार, असा निकष लावू नका. ‘नको, हे काढून टाकू’ म्हणताना ज्याची जीभ अडखळत नाही, त्याला हे काम द्या.

टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी काय वाटेल ते बोला. फाइलींची नावं मात्र इंग्रजी, सगळी लहान अक्षरं, मध्ये स्पेस नाही. विंडोज कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, एक्स्पोर्ट झालेला गेम करतो. तुमच्या लॅपटॉपवर नीट दिसणारं चित्र वेबवर गायब झालं, तर आधी फाइलच्या नावातली अक्षरं तपासा.

## टप्पा ३. विषय जाहीर झाल्यावरचे दोन तास

विषय कळताच सगळे एकदम बोलायला लागतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याची कल्पना ठरते. हे टाळा. पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या कागदावर पाच कल्पना लिहायच्या, प्रत्येक कल्पना एका वाक्यात, आणि वाक्यात क्रियापद हवं. खेळणारा पुन्हा पुन्हा काय करतो? तोडतो, जोडतो, पकडतो, टाळतो, तोलतो. ‘एका गिरणी कामगाराची कहाणी’ ही कल्पना झाली नाही, कारण खेळणाऱ्याने काय करायचं ते त्यात कुठेच नाही.

विषय ‘दुरुस्ती’ आहे असं समजू. ग्लोबल गेम जॅमचा २०२० चा विषय हाच होता. आता दोन कल्पना पाहा.

पहिली: सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी तोलत न्यायची. तोल सांभाळणं ही एकच क्रिया, सगळ्यांना चटकन कळणारी. फक्त ‘दुरुस्ती’शी तिचा संबंध ओढूनताणून लावावा लागतो. शिवाय टीममधलं कुणीतरी म्हणतं, सातही नंदीध्वज हवेत, ६८ लिंगांचा मार्ग हवा, गर्दी हवी, हलगी हवी. इथेच गेम हातातून जातो. ही कल्पना घ्यायचीच असेल तर एक काठी, एक माणूस, एक मिनिट.

दुसरी: यंत्रमाग. पडद्यावर आठ उभे धागे, धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) डावीकडून उजवीकडे आणि परत पळतोय. मधूनच एखादा धागा तुटतो. धोटा तिथे पोहोचायच्या आत त्यावर बोट ठेवून तो जोडायचा. चुकलात तर विणीत भोक राहतं. साठ सेकंदांनी तुमची चादर, तिच्यातल्या भोकांसकट, पूर्ण पडद्यावर दिसते. स्कोअर वेगळा लिहायचीही गरज नाही. विषयाशी नातं सरळ आहे, पडदा एकच आहे, बोट एकच लागतं. हीच घेऊन पुढे जाऊ.

कल्पना निवडल्यावर लगेच लॅपटॉप उघडू नका. कागदावर आठ रेघा मारा. एकाने पेन धोट्यासारखं फिरवायचं, दुसऱ्याने मध्येच ‘तिसरा तुटला!’ ओरडायचं, तिसऱ्याने बोट ठेवायचं. वेगाची मजा कागदावर कळणार नाही, पण नियमांतल्या फटी लगेच दिसतात. एका वेळी दोन धागे तुटले तर? जोडलेला धागा पुन्हा तुटू शकतो का? याची उत्तरं शनिवारी रात्री कोडमध्ये शोधण्यापेक्षा आत्ता कागदावर शोधा.

तपासणी: शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तुमचा गेम एका दमात सांगा. मध्ये ‘आणि मग’ दोनदा आलं तर कल्पना अजून मोठी आहे.

## टप्पा ४. शुक्रवारी रात्रीच रिकामा गेम वेबवर चढवा

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात, आणि या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

प्रोजेक्ट तयार करताना रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) ‘कॉम्पॅटिबिलिटी’ निवडा. वेबवर तोच चालतो. दुसरा निवडून दोन दिवस प्रकाशाचे खेळ केलेत तर ब्राउझरमध्ये ते वेगळेच दिसतील. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्ट्रेच मोड ‘कॅनव्हस आयटेम्स’ करून ठेवा, म्हणजे फोन, लॅपटॉप, प्रोजेक्टर, सगळीकडे गेम पडद्यात मावेल.

आता तीन सीन, म्हणजे गेमचे तीन पडदे: सुरुवात, खेळ, शेवट. सुरुवातीला ‘सुरू’ असं बटण. खेळात काहीच नाही, पाच सेकंदांनी आपोआप शेवट. शेवटी ‘पुन्हा’ असं बटण. चित्रं शून्य, राखाडी चौकोन पुरेत. एवढं झालं की एक्स्पोर्ट करा. इथे अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत:

- एक्स्पोर्ट होणाऱ्या फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल हवं. गेमचं नाव दिलंत तर इच डॉट आयओला काय उघडायचं ते कळत नाही.
- ‘थ्रेड सपोर्ट’ची खूण ४.३ पासून मुळात काढलेलीच असते. ती तशीच राहू द्या.
- ती फाइल डबलक्लिक करून उघडू नका, गेम चालणार नाही. वेबचा गेम लोकल सर्व्हरवरून चालवावा लागतो. गोडोच्या वर उजव्या कोपऱ्यातून तो थेट ब्राउझरमध्ये चालवता येतो.
- झिप चढवल्यावर ‘ही फाइल ब्राउझरमध्ये खेळली जाईल’ ही खूण करायला विसरतात. मग पानावर गेमऐवजी डाउनलोडचं बटण दिसतं.

फोनवर उघडलं, बटण दाबलं, पाच सेकंदांनी शेवट आला, ‘पुन्हा’ दाबलं, परत सुरू झालं. एवढं झालं की घरी जा नाहीतर हॉलमध्ये आडवे व्हा. पहिली रात्र जागून काढणारी टीम शनिवारी दुपारी पेंगते आणि पेंगत लिहिलेला कोड संध्याकाळी निस्तरावा लागतो.

## टप्पा ५. शनिवार सकाळ: खेळाचा गाभा, अजूनही राखाडी

क्रम असा: बोटाला प्रतिसाद, मग चूक, मग शेवट, मग पुन्हा सुरुवात, मग अवघडपणा. चित्रं अजून नाहीत.

आमच्या यंत्रमागात म्हणजे आधी धाग्यावर टॅप केलं की रंग बदलला पाहिजे. धोट्याचा विचार त्यानंतर. मग धोटा फिरतो आणि तुटलेल्या धाग्यावरून गेला की भोक पडतं. मग साठ सेकंदांनी शेवट. अवघडपणा म्हणजे धोट्याला एका फेरीला लागणारा वेळ: सुरुवातीला साधारण ४ सेकंद, शेवटाकडे दीड. हे आकडे कोडमध्ये खोल पुरून ठेवू नका. बाहेरून बदलता येतील असे ठेवा, म्हणजे कोड न येणारी ती चौथी व्यक्ती बसून बदलत राहील. गेम मजेदार होतो तो बहुतेक या आकड्यांमुळेच.

तीन चुका इथे हमखास होतात.

एक, वेगाला ‘डेल्टा’ने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळाने, न गुणणं. प्रत्येक फ्रेमला धोटा ठरावीक पिक्सेल पुढे सरकवलात तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर बरोबर वाटेल आणि परीक्षकाच्या १४४ हर्ट्झच्या गेमिंग लॅपटॉपवर धोटा दुप्पट-अडीचपट वेगाने सुटेल.

दोन, ‘पुन्हा’ दाबल्यावर जुना हिशेब शिल्लक राहणं. सीन नव्याने लोड झाला तरी ऑटोलोडमधले (सगळ्या सीनसाठी सामाईक ठेवलेले) आकडे तसेच राहतात. गेम सलग तीनदा खेळून बघा, तिसऱ्या खेपेला भोकं आधीपासूनच पडलेली दिसली तर समजा.

तीन, धागा चार पिक्सेलचा आणि टॅपची जागाही चार पिक्सेलचीच. माणसाचं बोट तेवढं बारीक नसतं. दिसायला धागा बारीक ठेवा, टॅपची जागा दोन धाग्यांमधल्या अंतराएवढी रुंद करा. माउस नुसता वर नेल्यावर काही घडेल अशी रचना नको, फोनवर तो प्रकारच नाही.

गिट (कोडमधले बदल जपून एकत्र करणारं साधन) येत असेल तर वापरा, पण एका सीनवर एका वेळी एकच माणूस. दोघांनी एकच सीन बदलून एकत्र केला की बऱ्याचदा तो उघडत नाही, आणि तो सोडवण्यात शनिवारची दुपार जाते. गिट येत नसेल तर दर तीन तासांनी पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर, नावात वेळ घालून. दिसायला गावठी, पण चालतं.

## टप्पा ६. शनिवार दुपार: दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

प्रत्यक्ष हॉलमध्ये भरणाऱ्या जॅमचा सगळ्यात मोठा फायदा हा, आणि तोच लोक वापरत नाहीत. आजूबाजूला पन्नास माणसं फुकट बसलेली असतात. किमान पाच जणांना खेळायला द्या. त्यातला एक तरी गेम न खेळणारा हवा: चहा घेऊन येणारे काका, वॉचमन, कुणाची तरी आई.

फोन हातात द्या आणि तोंड बंद. हे अवघड जातं. ‘अहो तिथं नाही, धाग्यावर दाबा’ असं सांगायची उबळ येतेच, पण परीक्षकाच्या घरी तुम्ही सांगायला नसणार. कागदावर तीनच गोष्टी लिहा: बोट पहिल्यांदा कुठे गेलं, काय करायचं ते किती वेळाने कळलं, आणि संपल्यावर आपणहून ‘पुन्हा’ दाबलं का. तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. ‘छान आहे की’ हे वाक्य लिहून घेऊ नका, सोलापुरात कुणीही तोंडावर वाईट म्हणणार नाही.

दोन जणांनी एकाच जागी चूक केली तर ती त्यांची चूक धरू नका, पडद्याची धरा. काय करायचं ते सांगणारा परिच्छेद मात्र लिहू नका, कुणी वाचत नाही. पहिला धागा अगदी सावकाश तुटू द्या, धोटा थांबवून ठेवा, धागा जोडला की मगच माग सुरू करा. शिकवणं तिथेच होऊन जातं.

रात्री ८ वाजता कात्री: उरलेल्या सगळ्या कल्पना एका कागदावर लिहा. ज्याच्याशिवाय गेम संपतच नाही तेवढंच ठेवा, बाकीच्यावर रेघ. यानंतर नवं काही सुचलं तर ते दुसऱ्या कागदावर, जॅमनंतरसाठी.

## टप्पा ७. रविवार सकाळ: चित्रं, आवाज, मराठी

आता रंगवा. चार-पाच रंग ठरवून घ्या आणि तेवढ्यातच राहा. चादरीच्या नक्षीतलेच घेतले तरी गेम एकसंध दिसतो. राखाडी चौकोनांच्या जागी चित्रं टाकताना फाइलचं नाव तेच ठेवा, म्हणजे कोडला हात लावावा लागत नाही.

आवाजासाठी सोलापुरातल्या टीमला दूर जावं लागत नाही. पूर्व भागातल्या गल्लीत मागवाल्यांना विचारून फोनवर अर्धा मिनिट खटखट रेकॉर्ड करा. फोन मागाच्या फार जवळ धरू नका, आवाज फाटतो. ऑडॅसिटीत दोन सेकंदांचा तुकडा कापून लूप करा. लांब आवाज ओजीजी फॉरमॅटमध्ये, ‘टक’सारखे छोटे डब्ल्यूएव्हीमध्ये. ब्राउझर पहिला क्लिक होईपर्यंत आवाज वाजू देत नाही, म्हणून संगीत ‘सुरू’ दाबल्यावरच चालू करा. आपलं ‘सुरू’ बटण इथेही कामी येतं.

मराठी मजकुराचा घोळ मात्र नीट समजून घ्या. गोडोच्या एडिटरमध्ये मराठी लिहिलं की ते दिसतं, कारण तुमच्या विंडोजमधला फॉन्ट ते उसना घेतं. ब्राउझरमध्ये तो फॉन्ट नसतो आणि अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. सोबत आणलेला देवनागरी फॉन्ट प्रोजेक्टमध्ये टाका आणि थीममध्ये तोच मूळ फॉन्ट करा. जोडाक्षरं गोडो ४ बरोबर जोडतं, गोडो ३ जोडत नाही. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्येही मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटतात, तिथे थोडा मजकूर असेल तर सरळ चित्र म्हणून टाका.

## टप्पा ८. रविवार दुपार: २ वाजता कोड बंद

दोननंतर फक्त गेम बंद पाडणाऱ्या चुका दुरुस्त करायच्या. तीनपर्यंत अखेरची झिप चढवा. साडेपाचला हॉलमधली सगळी टेबलं एकदम अपलोड करत असतात, त्या रांगेत उभं राहू नका. हॉलचं वायफाय बसलंच तर फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

पानावर गेमचं नाव, कसं खेळायचं ते एका ओळीत, दोन-तीन स्क्रीनशॉट आणि कुणाचं काय वापरलं त्याची नोंद. सीसी-झिरोला नाव देणं बंधनकारक नाही, सीसी-बायला आहे.

शेवटची तपासणी: पान ‘ड्राफ्ट’वर राहिलं तर तुम्हाला दिसतं, इतरांना नाही. म्हणून इनकॉग्निटो विंडोत उघडा, नंतर टीमबाहेरच्या कुणाच्या तरी फोनवर. जॅमच्या यादीत गेम प्रत्यक्ष नोंदला गेलाय का तेही बघा. नुसतं पान तयार करून नोंदणीचं बटण विसरणारे दर वेळी कुणी ना कुणी असतातच.

## टप्पा ९. दाखवताना

लॅपटॉप आधीच प्रोजेक्टरला लावून पाहा. एचडीएमआय लावल्यावर आवाज बहुतेक वेळा लॅपटॉपमधून गायब होतो, तो कुठून येतोय ते तपासा. चार्जर लावलेला, नोटिफिकेशन बंद, वेबचा गेम आधीच उघडलेला, आणि विंडोजवर चालणारी प्रत पेनड्राइव्हवर.

तीन मिनिटं मिळाली तर पहिली वीस सेकंदं बोला, मग प्रेक्षकांतल्या कुणाला तरी पुढे बोलवून खेळायला द्या. इंजिन कुठलं, रात्र किती जागलो, काय काय करायचं राहिलं, हे कुणी विचारलं तरच सांगा.

निकालाची वाट न बघता, बार्शी-पंढरपूरची एसटी पकडायला कुणी निघायच्या आत, पूर्ण प्रोजेक्ट फोल्डर चौघांच्याही पेनड्राइव्हवर घ्या. लॅबचा पीसी सोमवारी सकाळी कुणीतरी रीस्टार्ट करणारच आहे.